एसव्हीसीहोस्ट कोणाकडचा?

नवा कॉम्प्युटर घरात येऊन सत्तावीस दिवस झाले आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक लाल चौकट वर आली. ‘तुमचे संरक्षण ३ दिवसांत संपत आहे.’ आमचं संरक्षण सुरू कधी झालं होतं, हेच मला ठाऊक नव्हतं. साडीबरोबर ब्लाउजपीस यावा तसा कॉम्प्युटरबरोबर महिनाभराचा फुकट अँटिव्हायरस आला होता म्हणे. चौकटीत दोन बटणं होती : ‘आत्ताच नूतनीकरण करा’ आणि ‘धोका पत्करून पुढे जा’. ‘नको’ एवढंच म्हणणारं साधं बटण कुठंच नव्हतं.

मी चारजणांना विचारलं, तिथंच चुकलं. अँटिव्हायरस कोणता घ्यावा हा प्रश्न गुडघेदुखीसारखा आहे. ज्याला विचारावं त्याच्याकडे औषध तयार असतं.

समोरच्या फ्लॅटमधले काका म्हणाले, “पुण्यात राहून क्विक हील सोडून दुसरं काही आणलंस, तर चहाला येऊ नकोस.” मग अर्धा तास त्यांनी काटकर बंधूंची कथा सांगितली. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकट्या संजयला त्यांनी कॉम्प्युटर शिकायला घातलं आणि त्या पोरानं व्हायरसवरचं औषध लिहिलं. कथा खरी आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. फक्त काका ती अशी सांगतात, की काटकर काल रात्री त्यांच्याकडे पिठलं-भाकरी खाऊन गेले. काकांच्या घरी कॉम्प्युटर नाही.

मेव्हणा हिंजवडीला असतो. तो म्हणाला, “दाजी, काही घेऊ नका. विंडोजमध्ये सगळं आहे. फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरून आत-बाहेर करणाऱ्यांवरचा पहारा, २००४ पासून आपोआप चालू असते आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटिव्हायरसही आतच येतो.” आता वस्तू फुकट, सल्लाही फुकट आणि तोही मेव्हण्याचा. ठेवणार कसा विश्वास?

दुकानदार मात्र व्यवहारी निघाला. “साहेब, तीन पीसींचा तीन वर्षांचा पॅक घ्या, स्वस्त पडेल.”

“अहो, पण कॉम्प्युटर एकच आहे.”

“मग अजून दोन देऊ का?”

शेवटी कोणाला दुखवायला नको म्हणून एक विकतचा घेतला आणि एक फुकटचा उतरवला. दुसरा बसताना ‘आधीचा काढा’ म्हणत होता. मी ‘नंतर’ दाबलं. माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय त्याच बटणावर आहेत.

त्यानंतर काय झालं ते मला पुढे मेव्हण्यानं समजावलं. मी एखादी फाइल उघडली, की पहिला ती अडवून तपासायचा. पहिल्यानं फाइलीला हात लावला, हे पाहून दुसरा ती तपासायचा. मग दुसऱ्यानं कशाला हात लावला म्हणून पहिला पुन्हा. एका लग्नात दोन आचारी ठेवले की भाजीत मीठ कोणी घातलं यावर जशी चौकशी बसते, तसं. कॉम्प्युटर चालू करून मी चहा टाकायचो, गाळायचो, प्यायचो, कप विसळून यायचो, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. व्हायरसनं तरी याहून जास्त काय केलं असतं?

पूर्वी सगळं सरळ होतं. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांचा ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून जगभर फिरला. त्यात त्यांची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा होते. लागण झाली तर संपर्क साधा! त्या पिढीतल्या व्हायरसांनाही वळण होतं.

पण खरी मजा फायरवॉलनं आणली. विंडोजची फायरवॉल फारच गप्प वाटली, म्हणून मी एक वेगळी घेतली आणि तिला ‘प्रत्येक वेळी मला विचार’ असं सांगून ठेवलं. ही बाई म्हणजे ओट्यावर बसलेले आमचे गावाकडचे आजोबा. रस्त्यानं जाणारा कुत्राही ‘कोणाचा रे तू?’ असं विचारल्याशिवाय पुढे सोडायचे नाहीत.

‘एसव्हीसीहोस्ट बाहेर जाऊ इच्छितो. परवानगी द्यावी?’

कोण हा एसव्हीसीहोस्ट? कोणाकडचा? आपल्या घरात कधी आला? मी नकार दिला. मिनिटाभरात दुसरा एसव्हीसीहोस्ट. मग तिसरा. यादी काढून पाहिली तर घरात डझनावारी एसव्हीसीहोस्ट नांदत होते. सगळ्यांना नकार दिला, तशी इंटरनेट बंद पडलं, घड्याळ मागे राहिलं, आणि वीजबिल भरायला बसलेल्या बायकोनं मला हाक मारली ती माझं पूर्ण नाव घेऊन.

मेव्हणा फोनवर हसला. “दाजी, तो विंडोजचा घरचा गडी आहे. त्याच्या नावाखाली बरीच कामं चालतात. फक्त मूळ गाव बघायचं. सिस्टिम३२ फोल्डरमधला असेल तर आपला. आणि स्पेलिंग नीट वाचा, ‘एससीव्हीहोस्ट’ असेल तर तो चोर.” म्हणजे आजोबांची पद्धत बरोबरच होती. मूळ गाव कोणतं, आणि तुम्ही कुलकर्णी की कुळकर्णी?

पण दिवसातून साठ वेळा कोण मूळ गाव विचारणार? चौथ्या दिवशी मी चौकट दिसली की न वाचता ‘परवानगी द्या’ दाबू लागलो. आठव्या दिवशी बायकोनं विचारलं, “आज पोळ्या नको, खिचडी टाकू?” आणि माझं बोट हवेत पुढे गेलं.

“एवढं काय आहे हो त्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं?” तिनं विचारलं. आम्ही शोधलं. गणपतीपुळ्याचे चारशे फोटो, त्यातले तीनशे समुद्राचे. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दलची नऊ पत्रं. एक बायोडेटा, १९९८ चा. आणि डेस्कटॉपवर मधोमध एक फाइल : ‘सगळे पासवर्ड’.

रविवारी मेव्हणा आला. दोन्ही अँटिव्हायरस काढले, आजोबांना निरोप दिला, ‘सगळे पासवर्ड’ तिथून हलवली. डिफेंडर इतके दिवस कुठं होता? दुसरा अँटिव्हायरस आला की तो न बोलता बाजूला होतो आणि तो गेला की न रागावता परत कामाला लागतो. ऑफिसातल्या तीस वर्षांत असा माणूस मला भेटला नाही. विकतच्याचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

त्याच संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून... सहकुटुंब सहपरिवार यावे. पत्रिका सोबत जोडली आहे.’ पत्रिकेच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असं काहीतरी होतं. हल्ली पत्रिकांना काय काय जोडतात! दाबलं तर फोननं विचारलं, हे ॲप टाकायला परवानगी द्यावी? माझा अंगठा सवयीनं निघालाच होता.

“कोणाचं लग्न?” बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

“नाव दिसत नाही. उघडलं की कळेल.”

“मुलाकडचे का मुलीकडचे?”

“तेही आतच असेल.”

“आणि तारीख?”

“पाच जानेवारी.”

लाटणं थांबलं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पौषात?”