कपॅसिटर दुप्पट केला, तरी हम तिथेच: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

घरी बनवलेल्या अँप्लिफायरमधून घूं आवाज (हम) येत असेल तर एक तीन कलमी सल्ला सगळीकडे फिरतोय. फिल्टर कपॅसिटर (सप्लायचा डीसी सपाट करणारा) दुप्पट करा, आतलं वायरिंग शिल्डेड (जाळीच्या आवरणाचं) करून शिल्ड दिसेल तिथे ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या टोकाला) जोडा, आणि तरीही हम राहिला तर थ्री-पिन प्लगची अर्थिंग तोडा. यातला पहिला उपाय क्वचितच लागू पडतो, दुसरा बऱ्याचदा उलटतो आणि तिसरा जिवावर बेतू शकतो.

तिन्ही उपाय हम एकाच जागेतून येतो असं धरून चालतात. तो कुठून येतो हे पाच मिनिटांत कळतं. एका आरसीए प्लगची (ऑडिओ केबलच्या टोकाला असतो तो) मधली पिन आणि बाहेरचं कडं सोल्डरने जोडा आणि तो प्लग इनपुटला लावा. हम गेला, तर दोष अँप्लिफायरच्या बाहेर आहे, केबलमध्ये किंवा दोन उपकरणांमधल्या ग्राउंड लूपमध्ये (ग्राउंड दोन वाटांनी जोडल्याने तयार झालेल्या वेढ्यात). हम राहिला, तर व्हॉल्यूम फिरवून पाहा. आवाज मधेच कुठेतरी सर्वांत जास्त येत असेल, तर पॉटपासून (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या बदलत्या रेझिस्टरपासून) पुढे जाणारी वायर हम पकडतेय. 50 किलोओहमच्या पॉटचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) मध्यावर 12.5 किलोओहमपर्यंत जातो, म्हणून तिथे ती वायर सर्वांत नाजूक असते. लॉग पॉटमध्ये (सुरुवातीला हळू वाढणाऱ्या पॉटमध्ये) हा मध्य बटण अर्ध्याच्या बराच पुढे गेल्यावर येतो. व्हॉल्यूम फिरवूनही काहीच फरक पडत नसेल, तर दोष पॉटच्या पुढे आहे: सप्लाय किंवा ग्राउंड.

आवाजाचा पोतही बोलतो. मऊ, खोल घूं म्हणजे 50 हर्ट्झ: ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा ग्राउंड लूप. खरखरीत, झर्र असा आवाज म्हणजे 100 हर्ट्झ आणि त्याचे पटीतले स्वर, म्हणजे रेक्टिफायरची (एसीचं डीसी करणाऱ्या भागाची) बाजू. (जिथे मेन्स 60 हर्ट्झची आहे तिथे 60 आणि 120.)

आता कपॅसिटर. रिपलचा, म्हणजे डीसीवर उरलेल्या चढउताराचा, ढोबळ हिशोब सोपा आहे: करंट भागिले (100 गुणिले फॅरड). गाणं बंद असताना अँप्लिफायर 100 मिलिअँपिअर घेत असेल आणि कपॅसिटर 4700 मायक्रोफॅरडचा असेल, तर रिपल सुमारे 0.2 व्होल्ट येतो. मल्टीमीटरवर एसीमध्ये तो साधारण 60 मिलिव्होल्ट दिसेल. कपॅसिटर दुप्पट केला की हा आकडा निम्मा होतो, म्हणजे जेमतेम 6 डेसिबलचा फरक. जो हम पलीकडच्या खुर्चीवर ऐकू येतो, तो 6 डेसिबलने गायब होत नाही. मीटरवर 60 ऐवजी 120 किंवा त्याहून जास्त मिलिव्होल्ट दिसले, तर मात्र कपॅसिटर सुकलाय, त्याचं सोल्डरिंग कच्चं आहे किंवा ब्रिजमधला (चार डायोडच्या रेक्टिफायरमधला) एक डायोड ओपन आहे. अशा वेळी खराब भाग बदलायचा असतो.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा ग्राउंडची वायर असते. कपॅसिटर सलग चार्ज होत नाही. तो प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये थोडा वेळ एकदम करंट ओढतो, आणि सरासरी 100 मिलिअँपिअर असताना तो झटका 1 अँपिअरपर्यंत सहज जातो. ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपपासून (मधल्या टोकापासून) कपॅसिटरपर्यंतच्या 0.75 चौरस मिमीच्या 10 सेंमी वायरचा रेझिस्टन्स सुमारे 2.3 मिलिओहम असतो. म्हणजे तिच्या दोन टोकांत 2.3 मिलिव्होल्टचे झटके उठतात. इनपुटचा ग्राउंड चुकून सेंटर टॅपच्या टोकाला जोडला असेल, तर हेच झटके सिग्नल म्हणून 20 पट मोठे होतात आणि स्पीकरवर 46 मिलिव्होल्ट येतात. शांत खोलीत हे स्पष्ट ऐकू येतं. कपॅसिटर मोठा केला की झटका अरुंद आणि उंच होतो, त्यामुळे हा दोष कमी तर होत नाहीच, वाढूही शकतो.

उपाय क्रमात आहे. सेंटर टॅप आधी प्लस आणि मायनस सप्लायच्या दोन्ही कपॅसिटरच्या सामाईक टोकावर आणा. तिथून जाड, आखूड तारेने स्टार पॉइंट (सगळे ग्राउंड एकत्र येण्याची एकच जागा) वेगळा काढा. स्पीकरची परतीची तार, झोबेलचा (आउटपुटवरच्या रेझिस्टर-कपॅसिटर जोडीचा) ग्राउंड आणि बोर्डाचा पॉवर ग्राउंड, प्रत्येकी स्वतंत्र वायरने या स्टारवर आणा. सिग्नल ग्राउंडची वायर वेगळी आणा, ती यांच्यापैकी कुणाशीही वाटेत जोडू नका.

शिल्डबद्दल थोडक्यात. शिल्ड विद्युत क्षेत्र अडवतं, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र नाही. आत शिल्ड जागोजागी ग्राउंडला जोडलं की नवे लूप तयार होतात. सिग्नल आणि त्याचा ग्राउंड एकमेकांना पीळ देऊन न्या, एसीच्या तारांनाही पीळ द्या, आणि दोघांत अंतर ठेवा. टोरॉइडल (कड्यासारखा गोल) ट्रान्सफॉर्मर असेल तर प्रत्येक वेळी प्लग काढून तो 15-20 अंश फिरवा आणि पुन्हा ऐका, फरक चकित करतो. त्याचा मधला बोल्ट मात्र वर आणि खाली दोन्हीकडे धातूच्या कॅबिनेटला टेकू देऊ नका. तसं झालं तर शॉर्ट झालेला एक फेरा तयार होतो आणि फ्यूज उडतो.

अर्थिंग तोडल्यावर हम खरंच थांबू शकतो, कारण लूप तुटतो. पण प्रायमरीचं (ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या वेटोळ्याचं) इन्सुलेशन फुटलं की कॅबिनेट लाइव्ह होतं, फ्यूज उडत नाही आणि हात लावणाऱ्यातून करंट जातो. लूप तोडायचा तो सिग्नल ग्राउंड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये. अर्थिंग स्वतंत्र बोल्टने थेट कॅबिनेटला घट्ट बसवा. स्टार पॉइंट आणि कॅबिनेट यांच्यात 10 ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर 0.1 मायक्रोफॅरड, आणि समांतरच 35 अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर लावा. ब्रिजचे प्लस आणि मायनस एकमेकांना जोडा, एसीचं एक टोक कॅबिनेटला आणि दुसरं स्टारला द्या. लहान व्होल्टेजचा लूप रेझिस्टरमुळे अडतो, दोषाचा मोठा करंट ब्रिजमधून थेट अर्थिंगला जातो. आरसीए सॉकेट कॅबिनेटपासून इन्सुलेटेड असायला हवेत.

जोडणी झाल्यावर प्लग काढून, कपॅसिटर 100 ओहम, 5 वॉटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करून, सगळ्या ऑडिओ केबल सोडवून मल्टीमीटर लावा. प्लगची अर्थ पिन ते कॅबिनेट 1 ओहमपेक्षा कमी यायला हवं, कॅबिनेट ते सिग्नल ग्राउंड साधारण 10 ओहम. दुसरा आकडा शून्याजवळ आला, तर कुठलं तरी सॉकेट, पॉटची बॉडी किंवा बोर्डाचा स्क्रू कॅबिनेटला टेकलाय.