जगातला सगळ्यात वेगवान माणूस सहा आठवड्यांनी येतोय

सुपरहिरोच्या सिरीयलचं फॅन व्हायचं ठरवलंच असेल तर एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या, सिरीयल बघणं हे त्यातलं सगळ्यात किरकोळ काम आहे. बेचाळीस मिनिटांत उरकतं. फॅनची खरी परीक्षा असते ती ब्रेकमध्ये, म्हणजे नवे भागच येत नाहीत त्या आठवड्यांत.

विजेच्या वेगाने पळणाऱ्या हिरोची अमेरिकन सिरीयल 'द फ्लॅश', तिचा पहिला सीझनच घ्या ना. 7 ऑक्टोबर 2014 ला सुरू झाला, 19 मे 2015 ला संपला. भाग यायचा मंगळवारी, या काळात मंगळवार आले 33 आणि भाग होते 23. म्हणजे 10 मंगळवार कोरडे जाणार हे शाळेतलं पोरगं पण सांगेल. पण तुम्ही हा हिशोब करायचा नाही हं! हिशोब केला की धक्का बसत नाही, आणि धक्काच बसला नाही तर 'या चॅनलला अक्कल आहे का' हे टाइप करण्यातली मजा गेली. 4 नोव्हेंबरला अमेरिकेत मतदान होतं, त्या मंगळवारी भाग नव्हता. अशा वेळी सरळ लोकशाहीवर चिडायचं.

मोठा ब्रेक लागला 9 डिसेंबरला. त्या भागात पिवळ्या सूटवाला व्हिलन येतो, सगळ्यांसमोर हिरोचा गुरू डॉक्टर वेल्स याला बदड बदड बदडतो आणि पळून जातो, आणि शेवटी बघतो तर काय, वेल्स एका गुप्त खोलीत शिरतो आणि तोच पिवळा सूट तिथे उभा! संपलं. भेटू 20 जानेवारीला. आता सहा आठवडे तुम्ही झोपायचं नाही. एक माणूस स्वतःलाच कसा मारेल यावर रोज भांडायचं, शेवटचा सीन पॉज करून करून बघायचा, आणि हिरोचा पोलीस मित्र एडी याचं आडनाव थॉन आहे, म्हणजे कॉमिक्समधल्या पिवळ्या सूटवाल्याचंच, हे ज्याला आधीच माहितीये त्याला परत सांगायचं. कॉमिक्स वाचलेला एखादा असतोच ग्रुपवर, तो नुसतं 'हम्म' लिहितो. त्याला काढू नका, पुढे लागेल तो. (उत्तर मार्चमध्ये मिळालं, इतक्या जोरात पळायचं की आपलीच प्रतिमा मागे उभी राहते. पटलं का? पटवून घ्यायचं.)

मधेच कोणीतरी शहाणा येऊन कारणं सांगायला लागेल. नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे हे अमेरिकेत स्वीप्सचे महिने, तेव्हाच्या प्रेक्षकांच्या आकड्यांवर लोकल स्टेशनांच्या जाहिरातींचे दर ठरतात, म्हणून नवे भाग त्या महिन्यांसाठी राखून ठेवतात. शिवाय कॅनडात व्हँकूव्हरला एक भाग शूट करायलाच आठवड्याच्या वर जातो, त्यानंतर विजा, धूर, उडणाऱ्या गाड्या हे सगळं कॉम्प्युटरवर बनवायचं, आणि टीव्हीवर मात्र दर आठवड्याला एक भाग खपतो, मग हातातला साठा संपणारच ना. हे सगळं खरं आहे. म्हणूनच ऐकायचं नाही. 'मुद्दाम करतात' एवढं म्हणायचं आणि पुढे सरकायचं.

ब्रेकचा कळस बघायचाय? 2019 चा 'क्रायसिस' क्रॉसओव्हर, म्हणजे 'फ्लॅश' आणि तिच्या बहिणी-सिरीयलींची मिळून एकच गोष्ट. पाच भाग, पाच सिरीयली. 10 डिसेंबरला तिसरा भाग संपला तेव्हा सगळी विश्वं नष्ट झालेली, उरली सात माणसं, तीही काळाच्या बाहेर कुठेतरी अडकलेली. पुढचा भाग 14 जानेवारीला! अख्खं अस्तित्व पुसलं गेलं तरी नाताळची सुट्टी काही चुकली नाही.

आणि हो, कोणी म्हणालं की सगळे भाग एकदम टाकले असते तर बरं झालं असतं, तर लगेच हो म्हणा. नेटफ्लिक्सवर 'डेअरडेव्हिल' या दुसऱ्या सुपरहिरो सिरीयलचे 13 भाग 10 एप्रिल 2015 ला एकदमच आले होते. एका रात्रीत संपवले, सकाळी लाल डोळ्यांनी विचारलं 'पुढचे कधी?' तर 18 मार्च 2016. तेव्हा हेच लोक म्हणत होते की आठवड्याला एक भाग किती छान असतो, चघळायला मिळतो.

असो. 20 जानेवारी येतो एकदाचा. बर्फाची बंदूकवाला व्हिलन कॅप्टन कोल्ड आगवाला जोडीदार घेऊन येतो. बघून झालं की पहिल्या पाच मिनिटांत लिहायचं, 'एवढं थांबून हे? फिलर, नुसती भरती.' भाग खरंच आवडला असेल तर तीन तास थांबून लिहा.

मग चार आठवडे गुण्यागोविंदाने जातात आणि येतो 17 फेब्रुवारी. शेवटच्या सीनमध्ये लष्करातल्या एका जनरलला उचलून गटारात नेतात, अंधारात एक राक्षसी गोरिला, आणि तो बोलतो! पुढचा भाग 17 मार्चला. गोरिला मात्र 5 मे ला. थिअरी तयार ठेवा.