घरात बसलेली आई नक्की कुठल्या काळातली?

हा मजकूर मोबाइलवर दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतो. पूर्वी आई घरात असायची म्हणून मुलं घडली. आता बायकांना करिअरचं खूळ, मुलं पाळणाघरात. आणि सरकार सहा महिने भरपगारी रजा देतंच, मग रडगाणं कशाला? शेवटी आईला सल्ला: घर आणि नोकरीचा 'तोल सांभाळा'. खाली नमस्काराच्या हातांची रांग.

'पूर्वी' म्हणजे कधी? शंभर वर्षांपूर्वी परळ-लालबागच्या गिरण्यांत हजारो बायका कामाला होत्या. तान्ह्याने दिवसभर निजून राहावं म्हणून त्याला अफूची बाळगोळी चाटवून कामावर जाणं इतकं सर्रास होतं की त्या काळच्या सरकारी चौकशांत त्याची नोंद आहे. गिरणीत नसलेल्या कित्येकजणी खाणावळी चालवत. गावाकडे खुरपणी-कापणी करणारी कोण होती? आजही बीडहून ऊसतोडीला निघणारं नवरा-बायकोचं जोडपं मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' असतं. तिचं पोर फडाच्या कडेला झोळीत. घरात बसलेली आई नव्हतीच असं नाही. ती मूठभर पांढरपेशा घरांत होती, आणि तिची भांडी घासायला येणारी बाईही कुणाची तरी आईच होती.

आता रजा. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने ती 12 वरून 26 आठवड्यांची झाली, तीही पहिल्या दोन मुलांपुरती. पण खासगी नोकरीत हा पगार सरकार देत नाही. राज्य कामगार विम्याखाली (ईएसआय) येणाऱ्या बायका सोडल्या तर सगळा भार मालकावर. म्हणून तर मुलाखतीत "लग्न कधी करताय?" हा प्रश्न निघतो. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना सांगितलं होतं की आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि हा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा. 1929 चा कायदा झाला, भार मात्र मालकावरच राहिला, आणि शतक होत आलं तरी तिथेच आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर ही 26 आठवड्यांची रजा ठाऊकही नसते. तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलामागे 5,000 रुपये. त्यात किती महिने निघतात, ते मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी आपल्या किराणा बिलावरून काढावं.

पाळणाघराला नाकं मुरडणाऱ्यांना एक माहीत नसावं: 50 किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा, हे त्याच 2017 च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. आपल्या ऑफिसात ते आहे का, हे विचारायला कुणी जात नाही. शिव्या घालायच्या त्या बाळाला तिथे ठेवणाऱ्या आईला.

'खूळ' या शब्दावर वेळ घालवत नाही. घराचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो आणि मजकूर धाडणाऱ्या काकांना ते ठाऊक आहे.

राहिला 'तोल सांभाळा' हा सल्ला. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी 289 मिनिटं वेळ जातो. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा 88. मुळात ते करणारे पुरुषच थोडे. तोल एका बाजूला का कलतो ते इथे दिसतं, पण सल्ला कायम आईलाच. बाप झालेल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. त्यावर एखादा मजकूर फिरताना अजून पाहिलेला नाही.