फराळाचा हिशोब आणि विश्वामित्रीचं पाणी

नवरात्र संपलं की बडोद्यातल्या सेवाभावी क्लबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरी सुरू होतात. कोजागरीपर्यंत आकडा कळवा, वसुबारसेच्या आधी डबे घरपोच. रोटरी, लायन्स, शिवाय दांडिया बाजार-रावपुऱ्यातली आपली मराठी मंडळं, सगळ्यांचाच निधी जमवण्याचा हा हक्काचा मार्ग. मार्ग उत्तमच आहे. माझी तक्रार आहे ती दिवाळीनंतरच्या बातमीपत्रातल्या एका वाक्याबद्दल: "फराळ विक्रीतून तीन लाख रुपये निधी जमा." अहो, तीन लाखांची ती विक्री झाली. निधी किती उरला ते सांगा ना!

समजा ५०० डबे केले. डब्यात चकली, चिवडा, बेसन लाडू आणि शंकरपाळी, प्रत्येकी पाव किलो, आणि किंमत ६०० रुपये. एका डब्यामागे सामान २४० रुपये, मजुरी ८०, डबा-पिशव्या-लेबल ४०, गॅस आणि टेम्पो २० धरा. म्हणजे ३८० खर्च आणि २२० शिल्लक. पाचशे डब्यांचे कागदावर १ लाख १० हजार. आता खरा हिशोब. प्रमुख पाहुणे, जाहिरातदार, हॉलचे मॅनेजर यांना "क्लबतर्फे" ३० डबे गेले. २० डबे उरले किंवा फुटले. २५ डब्यांचे पैसे "देतो हो, पळून जातोय का" यात अडकले. ७५ डब्यांचे ४५ हजार आलेच नाहीत, खर्च मात्र पाचशेच्या पाचशे डब्यांचा झाला. हातात राहिले ६५ हजार. बातमीपत्रात तीन लाख वाचणाऱ्या माणसाला वाटतं, एवढ्या पैशांचं केलं काय या लोकांनी? संशय इथून सुरू होतो, आणि तोही कोणी एक पैसा खाल्लेला नसताना.

यावर उपाय साधे आहेत, फक्त ते आधी करावे लागतात. ऑर्डरीबरोबरच पूर्ण पैसे घ्यायचे, सभासद असो की अध्यक्षांचे व्याही. भेटीचे डबे कुणाला द्यायचे ते कार्यकारिणीत ठरवायचं आणि त्यांचे पैसे सभासदांच्या वर्गणीतून फराळ खात्यात भरायचे. पावतीपुस्तकं क्रमांक टाकून वाटायची आणि कोणतं पुस्तक कुणाकडे गेलं याची वही ठेवायची. विक्री संपली की न वापरलेल्या पावत्यांसकट पुस्तक परत आलं पाहिजे. न आलेलं पुस्तक म्हणजे न आलेले पैसे, असं धरूनच चालावं.

माल बिघडतो तो मुख्यतः चकलीत. घरी एक किलो भाजणीची चकली करणारी सुगरणसुद्धा सव्वाशे किलोच्या कामात फसते, कारण घाई. मोठी कढई आहे म्हणून एका वेळी वीस-पंचवीस चकल्या सोडल्या की तेल एकदम निवतं, चकली तेल पिते आणि आतून मऊ राहते. कमी सोडाव्यात, तेल परत तापू द्यावं, आणि बुडबुडे जवळजवळ थांबल्याशिवाय झारा घालू नये. मोहन जास्त पडलं तर चकली तेलातच विरते, कमी पडलं तर दाताला लागते. किलोभर भाजणीला शंभर ग्रॅमच्या आसपास कडकडीत तेल पुरतं, आणि प्रत्येक नव्या घाण्याची एक चकली आधी तळून मोडून बघायची. पण सर्वात मोठं नुकसान तळल्यानंतर होतं. संध्याकाळी पिशव्या भरायच्या आहेत म्हणून कोमट चकली पिशवीत जाते, आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी पिशवी सादळलेली. परातीत कागदावर पसरून तळापर्यंत पूर्ण गार झाल्याशिवाय तिला हात लावू नये. चिवड्याचंही तेच. चकली आणि लाडू एका पिशवीत कधीच नको, तुपाचा वास चकलीला लागतो.

लाडवांचं प्रमाण सोपं आहे: १२५ किलोला बेसन ५५ किलो, तूप ३० किलो आणि पिठीसाखर ४५ किलोच्या आसपास. बेसन गरम असताना साखर घातली तर ती विरघळून लाडू बसतात. करंज्या आणि अनारसे विक्रीच्या डब्यात घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. करंजी टेम्पोत मोडते, अनारसा एका हाताचा राहत नाही. लेबलवर घटक, वजन, बनवल्याची तारीख आणि किती दिवसांत खायचं ते लिहा, शेंगदाणे-काजू असतील तर ते ठळक. जे मंडळ फराळ करून देणार त्यांची एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी आहे का, हेही आधी विचारा.

मजुरीबद्दल थोडं. "आपल्या महिला विभागाने फुकट केलं म्हणून निधी वाढला" हे कौतुकाने सांगितलं जातं. मला ते पटत नाही. बारा बायका सहा दिवस शेगडीसमोर उभ्या राहिल्या तर वर डब्यामागे ८० धरलेल्या मजुरीच्या चाळीस हजारांतून एकीला साडेपाचशेच्या आसपास रोज पडतो. सखी मंडळातल्या, म्हणजे महिला बचत गटातल्या, गरजू बायकांना तो दिला तर दिवाळीच्या आधी बारा घरांत पैसा जातो, आणि तेही सेवाकार्यच आहे. निधी वाढवायचा तर फुकटचे डबे थांबवा, बायकांची रोजी नको.

आता पैसा कुठे ठेवायचा. लायन्सच्या नियमांत हे स्वच्छ आहे: सभासदांच्या वर्गणीचं खातं वेगळं, लोकांकडून जमवलेल्या पैशांचं खातं वेगळं. लोकांचा पैसा लोकांच्याच कामाला जातो. त्यातून फक्त त्या कार्यक्रमाचा प्रत्यक्ष खर्च वजा करता येतो, क्लबच्या जेवणावळी नाहीत. क्लब कोणताही असो, नियम हाच ठेवावा. खजिनदाराचा स्वतःचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकणं तर आजच बंद करा. माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्या घरच्या किराण्यात आणि फराळाच्या पैशांत फरक दाखवणार कसा? दुसरं, सहाशे रुपयांचा डबा घेणाऱ्याला देणगीवरच्या करसवलतीची, म्हणजे ८०जीची, पावती देता येत नाही, त्याने वस्तू विकत घेतली आहे. देणगी वेगळी, आणि तीही २,००० रुपयांवर रोख असेल तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. बहुतेक क्लबांची ८०जी मान्यता क्लबच्या नावावर नसते, त्यांच्या धर्मादाय ट्रस्टच्या नावावर असते. चेक कुणाच्या नावाने घ्यायचा हे पावती फाडणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने लिहितोय ते बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पुरामुळे. काळ्या घोड्याच्या पुलाजवळ धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. परशुराम भट्ट्यासारख्या सखल वस्त्यांबरोबर समा, फतेहगंज, अकोट्यातली चांगली पक्की घरंही पाण्यात होती. बडोद्याच्या क्लबने दिवाळीचा निधी कशासाठी ठेवावा, याचं उत्तर मला तरी दुसरं सुचत नाही. फराळाच्या पत्रकावर छापूनच टाका: शिल्लक रक्कम पूरनिधीत जाईल.

तो खर्च कसा करायचा तेही आधी ठरवा. दर वेळी पहिल्या दिवशी पीठ-तांदळाचे किट वाटले जातात. ज्या घरात ओटा बुडालाय, शेगडी चिखलात आहे, त्या बाईने पीठ मळायचं कुठे? पहिले तीन दिवस पिण्याचं पाणी, खाकरा-चुरमुरे-चिक्कीसारखं कोरडं खाणं, मेणबत्त्या, काडेपेटी, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचं दूध. खिचडी द्यायची तर वस्तीजवळ शिजवा: १० किलो तांदूळ आणि ३ किलो मुगाची डाळ शंभर माणसांना पुरते, पण तासाभरात वाटली गेली पाहिजे. बंद पातेल्यात पाच तास फिरलेली खिचडी देऊ नये. चौथ्या दिवसापासून खराटे, रबरी वायपर, फावडी, ब्लीचिंग पावडर, फिनेल, हातमोजे. गाळ ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की खरवडावा लागतो. तळघरांसाठी दोन मड पंप क्लबच्या मालकीचे असले तर चार सोसायट्या मोकळ्या होतात. धान्याचे किट त्यानंतर. जुने कपडे मागवूच नका. गठ्ठे सोडून निवडण्यात दहा माणसांचा दिवस जातो आणि निम्मे ओल धरून फेकावे लागतात.

आणि शेवटची अडचण, जी सभेत कुणी काढत नाही. रोटरी काय, लायन्स काय, नवं वर्ष १ जुलैला सुरू होतं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार बदलतात. बँकेत नव्या सह्या चढायला ठराव लागतो, केवायसी लागतं, एखादा कागद परत येतो, आणि तोवर ऑगस्ट उजाडतो. नदी पुलाला टेकलेली असते, खात्यात ६५ हजार असतात, आणि चेकवर सही करायला अधिकृत माणूस नसतो. म्हणून मेमध्येच नव्या पदाधिकाऱ्यांचा ठराव करा, जूनच्या पहिल्या आठवड्यात सह्यांचे फॉर्म बँकेत द्या, आणि तीन सह्यांपैकी एक अशा माणसाची ठेवा जो दोन वर्षं बदलणार नाही. यंदाच्या फराळाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर "डब्याची किंमत" आहेच. त्याच्या खाली हाही विषय घ्या.