बरनच्या पोस्टवरच्या कमेंटला उत्तर: चार दगड रचले तर काय बिघडलं?

नमस्कार दादा,

दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही काढलेला मुद्दा मला खरंच महत्त्वाचा वाटतो म्हणून वेगळं लिहायला घेतलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मी आयर्लंडच्या क्लेअर काउंटीतल्या बरन भागावर लिहिलं होतं, चुनखडीचे उघडे डोंगर, गुहा, जुनी दगडी थडगी, सगळं पायी फिरून, आणि शेवटी म्हटलं होतं की तिथले दगड उचलू नका, एकावर एक रचू नका. त्यावर दादांचं म्हणणं असं की ५००० वर्षांपूर्वीच्या लोकांनी तरी वेगळं काय केलं, दगड उचलून दगडावर ठेवला, मग आमच्या पोरांनी चार दगड रचले तर काय आभाळ कोसळतं. पोलनाब्रोनचं थडगं तर स्वतःच रिपेअर केलेलं आहे. गुहेत जाऊ नका म्हणता. एका दिवसात काय बघायचं ते धड सांगत नाही. आणि नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांवर कोणी लिहीत नाही, परदेशातल्या दगडांचं मात्र कौतुक.

दगडांचं आधी, कारण खरा वाद तिथेच आहे.

पोलनाब्रोन म्हणजे उभ्या दगडांवर ठेवलेली साधारण ४ मीटर लांबीची एक चपटी शिळा, फोटोत सगळ्यांनी बघितलेली. १९८५ मध्ये पुढच्या दोन मोठ्या उभ्या दगडांपैकी एकाला तडा गेल्याचं लक्षात आलं, अख्खं खाली येईल अशी भीती होती, म्हणून तो दगड बदलावा लागला. हेच तुमचं रिपेअर. पण त्या निमित्ताने १९८६ आणि १९८८ मध्ये ॲन लिंच या पुरातत्त्वज्ञांनी तिथे नीट उत्खनन केलं आणि आज आपल्याला त्या थडग्याबद्दल जे काही माहीत आहे त्यातलं बहुतेक त्या खोदकामातून आलंय. आत किमान ३३ माणसांची हाडं निघाली, इसवी सनपूर्व ३८०० ते ३२०० या काळातली, म्हणजे कितीतरी पिढ्या ते थडगं वापरात होतं. चाळिशी पार केलेलं माणूस त्यात जवळजवळ नाहीच. मानेचे, खांद्यांचे सांधे झिजलेले, आयुष्यभर ओझी वाहिल्यासारखे. एकाच्या कमरेच्या हाडात दगडी बाणाचं टोक तसंच रुतून राहिलेलं.

आणि एक अगदी लहान बाळ, जेमतेम सहा महिन्यांचं. २०२० मध्ये त्याच्या डीएनएचा अभ्यास छापून आला तेव्हा कळलं की त्याला डाउन सिंड्रोम होता, आतापर्यंत जगात सापडलेल्या सगळ्यात जुन्या केसेसपैकी ही. त्याला आईचं दूध मिळत होतं हेही हाडांच्या रसायनावरून समजलं. म्हणजे साडेपाच हजार वर्षांपूर्वी त्या लोकांनी या बाळाला दूध पाजलं, सांभाळलं आणि ते गेल्यावर गावातल्या सगळ्यात मानाच्या जागी ठेवलं. मला हे वाचल्यापासून ती शिळा नुसती शिळा वाटत नाही, खरंच सांगतो.

आता हे सगळं कळलं कसं ते बघा. थडग्याच्या आतली जमीन म्हणजे चुनखडीच आहे, फटी असलेली, आणि बरीचशी हाडं त्या फटींमधे उतरून तिथेच राहिली होती. पाच हजार वर्षं कोणी त्या फटीत हात घातला नाही म्हणून ती जागच्या जागी मिळाली, कोणतं हाड कशाजवळ, कुठला तुकडा किती खाली, यावरूनच तर सगळा हिशोब लागतो. तुम्ही म्हणता त्यांनी दगडावर दगड ठेवला, बरोबर आहे, ठेवला, पण तो तिथेच राहिला म्हणून तर आपण आज वाचू शकतो. आपण चार दगड रचतो तेव्हा नवीन काही लिहीत नाही, आधीचं खोडतो.

हे फक्त थडग्यापुरतं नाही. तिथून जवळच ग्लेनइनशीनला १९३२ मध्ये एक स्थानिक शेतकरी सशाच्या मागे कुत्रा घेऊन गेला होता, त्याला लादीच्या, म्हणजे चुनखडीच्या उघड्या सपाट खडकाच्या फटीत काहीतरी चमकताना दिसलं. निघाला सोन्याचा गळ्यातला मोठा अलंकार, कांस्ययुगाच्या शेवटचा, साधारण २७०० वर्षं जुना, आज डब्लिनच्या नॅशनल म्युझियममधे आहे. उघड्या माळावरच्या एका फटीत एवढी वर्षं! म्हणून कोणी सहज दगड ओढून काढला आणि फट मोकळी केली की माझा जीव वरखाली होतो.

पोलनाब्रोनच्या आजूबाजूला लोकांनी अशाच छोट्या छोट्या नकला उभ्या केलेल्या असतात, दोन दगड उभे, एक आडवा, फोटो काढला की झालं. ते दगड येतात कुठून? काही लादीवरचे सुटे, काही सरळ शेजारच्या भिंतीतून काढलेले. बरनच्या भिंती सिमेंट-मातीशिवाय नुसत्या दगडांच्या असतात, एकेरी, मधून उजेड दिसतो, वारा आरपार जातो म्हणून वादळात टिकतात. त्यातला एक दगड निघाला की पुढच्या हिवाळ्यात तिथे खिंडार पडतं आणि गुरं पलीकडे. ती जमीन बहुतेक खाजगी आहे, कोणाचं तरी शेत आहे ते, त्या माणसाने आपल्याला चालू दिलंय. धुऱ्यावरचा दगड हलवला तर काय होतं हे विदर्भातल्या माणसाला मी सांगायला नको.

शिवाय सुटा दगडही नुसता पडलेला नसतो. त्याच्या वरच्या बाजूला पांढरी-करडी दगडफुलं चिकटलेली, ती वर्षाला इतकी हळू वाढतात की हाताच्या तळव्याएवढा ठिपका आपल्या आजोबांच्या वयाचा असू शकतो, खालच्या बाजूला ओल, गोगलगायी, किडे. उलटा केला की वरचं खाली जाऊन मरतं आणि खालचं उन्हात.

तुमचं दुसरं वाक्य होतं "दगडच तर आहेत सगळीकडे, त्यात तीन तास काय बघायचं". हे पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला वाटतं कारण गाडीतून खरंच राखाडी माळ दिसतो. पण गुडघ्यावर बसा. लादीच्या फटी बघा, कुठे वीतभर रुंद, कुठे माणूस छातीपर्यंत उतरेल एवढ्या खोल. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवत जातं, आधी होत्या त्याच चिरा रुंद होत जातात. फटीत तोंड खाली केलं की गार, ओलसर हवा लागते, आत जिभेसारख्या लांब पानांचं नेचं, त्याच्या खाली नाजूक काळ्या देठाचं दुसरं, आणि वर वारा एवढा की टोपी उडते. लादीच्या वरच्या बाजूला वाटीएवढे खळगे असतात, पाऊस पडून गेला की त्यात पाणी आणि तळाला काळपट-हिरवा बुळबुळीत गोळा. तो नॉस्टॉक, सूक्ष्म जीवांची वसाहत, उन्हाळ्यात वाळून काळा पापुद्रा होतो आणि पाणी मिळालं की पुन्हा फुगतो. त्याच लादीत जरा शोधलं तर प्रवाळांचे आणि शिंपल्यांचे ठसे, कारण हा अख्खा डोंगर ३० कोटी वर्षांपेक्षा आधी विषुववृत्ताजवळच्या उथळ कोमट समुद्रात गाळ साचून बनलाय. आपण सह्याद्रीच्या काळ्या लाव्ह्यावर वाढलेली माणसं, तिथे दगडात शिंपला दिसत नाही, म्हणून मला तरी ते बघून अजूनही हरखायला होतं.

आणि हा माळ कायम असा नव्हता, हे मूळ पोस्टमधे मी जरा उरकलं होतं. इथे पाइनची, हेझलची झाडी होती, शेती करायला आलेल्या लोकांनी ती तोडली, वरची पातळ माती हळूहळू धुऊन फटीत गेली. तेव्हा "माणसाने हात लावूच नये" असं माझं म्हणणं नाहीये, हे कृपया लक्षात घ्या. बरन माणसानेच घडवलाय आणि आजही तिथले शेतकरीच तो टिकवतात. बाकी डोंगराळ भागात गुरं उन्हाळ्यात वर चढवतात, इथे उलटं, ऑक्टोबरच्या शेवटाला वर नेतात आणि वसंतात खाली आणतात. चुनखडी उन्हाळ्यात तापते आणि ती ऊब हिवाळ्यात सोडत राहते, पाणी मुरून जातं म्हणून गुरांना बसायला जागा कोरडी. गुरं वाळकं जाड गवत खाऊन टाकतात आणि मग एप्रिल-मे मधे बारक्या फुलांना उजेड मिळतो, ती निळीशार स्प्रिंग जेंशियन त्यामुळेच दिसते. जिथे चराई बंद झाली तिथे हेझलची झुडपं माजली आणि फुलं गेली. १६५१ मधे आयर्लंड जिंकायला आलेल्या इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्यातला एडमंड लडलो इथून गेला, त्याने लिहून ठेवलं की माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही. लोक एवढंच सांगतात, पण पुढे तो हेही म्हणतो की इथली गुरं मात्र चांगली धष्टपुष्ट आहेत कारण खडकांमधलं गवत गोड आहे. शत्रूच्या मुलखात आलेल्या माणसालाही ते दिसलं.

गुहांबद्दल माझा सूर कडक होता, मान्य, आणि तो तसाच ठेवणार आहे. तिकीट काढून जायच्या दोन गुहा आहेत, ऐलवी आणि डूलिन, दोन्हीकडे खुशाल जा. डूलिनच्या गुहेत छताला लटकणारा चुन्याचा एकच झुंबरासारखा स्तंभ ७.३ मीटर लांब आहे, १९५२ मधे दोन इंग्लिश गुहा-भटके चिंचोळ्या वाटेने सरपटत गेले आणि अचानक त्याच्यासमोर उभे राहिले. बाकीच्या गुहांचं वेगळं आहे. पश्चिमेला स्लीव्ह एल्व्हाच्या टेकडीवर चुनखडीच्या वर शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचा थर आहे, त्यातून पाणी मुरत नाही, सगळा पाऊस वाहत येतो आणि जिथे शेल संपून चुनखडी सुरू होते तिथेच भोकातून खाली जातो. पोलनागॉलमसारख्या लांबच्या लांब गुहा अशाच बनल्यात, आणि म्हणूनच वर तासभर पाऊस झाला की आत पाणी भराभर चढतं. तुम्ही आत असताना बाहेर पाऊस पडतोय हे तुम्हाला कळणारच नाही. मी गेलो ते जाणकार ग्रुपसोबत, हवामान बघून, हेल्मेट-दिवे घेऊन, मोबाईलच्या टॉर्चवर नाही.

आणि गुहेतलं पण काही उचलायचं नाही, त्याचं कारण सांगतो. क्लेअरमधल्याच एका गुहेत १९०३ मधे अस्वलाची हाडं मिळाली, ती म्युझियमच्या खोक्यात पडून होती. शंभरेक वर्षांनी अभ्यासकांनी पुन्हा बघितली तर गुडघ्याच्या वाटीवर दगडी हत्याराने कापल्याच्या खुणा! वय १२,५०० वर्षं. २०१६ मधे हे जाहीर झालं आणि आयर्लंडमधे माणूस आल्याची तोवर मानलेली तारीख एका हाडाने अडीच हजार वर्षं मागे गेली. ते हाड १९०३ मधे कोणी आठवण म्हणून खिशात घातलं असतं तर?

जुनापाणीबद्दल तुम्ही बोललात ते मला मनापासून पटलं. ती वर्तुळं लोहयुगातली, आत माणसं पुरलेली, आणि काही दगडांवर मुद्दाम कोरलेले वाटीसारखे खळगे. १९ व्या शतकात रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची नोंद केली, १९६१-६२ मधे बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं. त्यावर लिहायलाच पाहिजे आणि तुम्ही तिथे राहता तर तुम्ही लिहा, मी हक्काने शेअर करीन. पण मग माझा एक प्रश्न आहे. उद्या कोणी त्या वर्तुळातला एक खळगेवाला धोंडा गाडीत घालून अंगणात नेला आणि म्हणाला, तीन हजार वर्षांपूर्वी त्यांनीपण उचलूनच आणला होता ना, तर तुम्ही काय म्हणाल? तुमचा राग मला आत्ताच ऐकू येतोय. माझं बरनबद्दल तेवढंच म्हणणं आहे.

आता तुम्ही विचारलेली मे महिन्याची ट्रिप. डब्लिनहून एका दिवसात समुद्रावरचे मोहेरचे कडे, पोलनाब्रोन, ऐलवी आणि बरनचं नॅशनल पार्क हे चारही होईल, पण मग गाडीतच दिवस जाईल. मोहेरचे कडे भव्य आहेत यात वाद नाही, पण ते शेल आणि वालुकाश्माचे, चुनखडीशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे यावेळी दोन्हीपैकी एक निवडा. बरन निवडलात तर सकाळी लवकर पोलनाब्रोन गाठा, टूर बसेसच्या आधी, पार्किंगपासून पाच मिनिटं चालायचं आहे, थडग्याला दोरी लावलीये ती ओलांडायची नाही. त्याच रस्त्याने बॅलीव्हॉनकडे निघालात की वाटेत ग्लेनइनशीनची छोटी थडगी आणि पुढे ऐलवी, मुलांना तिथली अस्वलं झोपायची त्या खड्ड्यांची गोष्ट आवडेल. दुपारी नॅशनल पार्कमधे मुल्लामोरच्या पायथ्याशी रंगीत बाणांच्या वाटा आहेत, त्यातली सगळ्यात छोटी घ्या. सीझनमधे कोरोफिन गावातून फुकट शटल बस असते, गाडी तिथे लावलेली बरी कारण आतला रस्ता अरुंद आहे.

धाकटीला स्ट्रोलरमधे न्यायचं विचारलं होतंत, ते लादीवर अजिबात चालणार नाही, चाकं फटीत अडकतात, पाठीवरची कॅरियर आणा. आणि सगळ्यांना घोट्यापर्यंतचे बूट, पावसात ती लादी साबणासारखी होते.