दहा रुपयांचा साबण

जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर पंधरा दिवसांपूर्वी एक ठराव आला. घरकामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, जिन्याने यावं. कारण दिलं होतं की लिफ्टमध्ये वास राहतो. सगळ्या फ्लॅटमालकांची संमती हवी होती. चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट माझ्या नावावर आहे. तिथे दादा, वहिनी, त्यांची मुलं आणि अम्मा राहतात. मी अकरा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला आहे.

एका तरुण सभासदाने हरकत घेतली. त्यावर खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "गरिबी आम्ही समजू शकतो. पण स्वच्छ राहायला काय लागतं? साबण दहा रुपयांना मिळतो." त्या वाक्याला भराभर अंगठे पडले. त्यातला एक माझ्या वहिनीचा होता.

ते दहा रुपये माझ्या डोक्यातून जात नाहीत.

साबण मिळतो, कबूल. पण लावलेला साबण धुवायला पाणी लागतं, आणि सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. उजनी काठोकाठ भरली त्या वर्षीही हेच. धरण शहरापासून १०० किलोमीटरच्या वर आहे, ते भरलं म्हणून नळ रोज सुटत नाही. आमच्या इमारतीला याची झळ लागत नाही. खाली मोठा हौद आहे, बोअर आहे, कमी पडलं तर टँकर येतो, आणि गच्चीवरच्या टाकीतून चोवीस तास धार चालू असते. मी वाढलो त्या पूर्व भागातल्या गल्लीत पाण्याचा दिवस सणासारखा धरायचा. पाणी मध्यरात्री येवो की पहाटे, घरातलं एक माणूस जागं. आधी बॅरल, मग पिंप, घागरी, कळशा, शेवटी पातेली आणि तांबे. पहिल्या दिवशी धुणं आणि डोक्यावरून अंघोळ. दुसऱ्या दिवशी खांद्यावरून. चौथ्या दिवशी हातपाय आणि तोंड, तेही मे महिन्यात, पारा ४२-४३ वर असताना. अम्मा दुकानात शर्टाचं कापड उलगडून एकच विचारायची, "मळखाऊ आहे ना?" चॉकलेटी, गडद निळा, काळपट हिरवा. माझं सगळं बालपण त्या तीन रंगांत गेलं.

आता ज्या बाईंबद्दल हा ठराव आहे त्यांचा दिवस बघा. सकाळी तीन घरची भांडी वाहत्या नळाखाली घासायची. आमच्या घरातली एक कढई धुवायला जेवढं पाणी जातं तेवढ्यात त्यांच्या घरी दोघांची अंघोळ होते. मग घरी जायचं, जिथे पाण्याचा चौथा दिवस असतो. आणि दुपारी सूप मांडीवर घेऊन बसायचं, कारण त्या विड्याही वळतात.

लिफ्टमध्ये राहतो तो वास हाच. तंबाखूचा. अंघोळ न केल्याचा नव्हे.

विडी वळणं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेंदूचं पान आदल्या रात्री भिजवायचं, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, तोंड मिटायचं, दोरा बांधायचा. असं हजार वेळा केलं की दिवस भरतो. कारखान्यात दिल्यावर त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला पडतात, त्यांचे पैसे नाहीत. तंबाखूची भुकटी नखांत, पदरात, केसांत आणि झोपायच्या वाकळेत बसते. सोलापुरात हजारो घरं या कामावर उभी आहेत. कुंभारीला विडी कामगार बायकांची १०,००० घरांची वसाहत आहे. २०२४ च्या जानेवारीत रे नगरच्या १५,००० घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या, तिथेही विडीवाल्या आणि यंत्रमागावरचे लोक आहेत. एवढ्या मोठ्या गावात हा वास कशाचा ते माहीत नसलेला माणूस मिळणं अवघड. माहीत आहे, म्हणूनच नको आहे.

मी वहिनीला फोन केला. तिला म्हटलं, "वहिनी, इथे आमच्या इमारतीत डॉक्टर राहतात, बसड्रायव्हर राहतात, प्रत्येकाच्या दाराला आळीपाळीने केअरवोखेची, म्हणजे झाडलोटीच्या आठवड्याची, पाटी लागते. ज्याची पाटी त्याने जिना झाडायचा, पुसायचा. पैसेवाला असो की कुणी." कानाला 'केअर' हा शब्द आपल्या 'केर'सारखाच लागतो, म्हणून मला तो पहिल्या दिवसापासून परका वाटला नाही. तिला हेही सांगितलं की सकाळी बेकरीच्या रांगेत सिमेंटने माखलेली विजार घातलेला माणूस उभा असतो आणि त्याच्या मागे टाय लावलेला, आणि कुणी कुणापासून अंग चोरून उभं राहत नाही.

वहिनी शांतपणे म्हणाली, "भावजी, तिकडून बोलायला सोपं आहे. तिकडचे लोक मुळातच स्वच्छ."

मुळातच कुणी स्वच्छ नसतं. श्टुटगार्टच्या १४९२ सालच्या नगरकायद्यात दर आठवड्याला आपापली घाण बाहेर नेण्याची सक्ती लिहिलेली आहे. सक्ती करावी लागली, म्हणजे लोक नेत नव्हते. पाचशे वर्षांचा धाक आणि घराघरात नळ आल्यावर आज जे दिसतं ते दिसतं. आमच्याकडे नळ चार दिवसांआड, आणि स्वभाव मात्र मुळात घाणेरडा ठरतो.

खरं सांगायचं तर वहिनीला मी सगळं सांगितलं नाही. एकदा फार लवकर ऑफिसला गेलो होतो. अजून अंधार होता. आमच्या मजल्यावर तीन बायका कचरापेट्या रिकाम्या करत होत्या, त्यातल्या एकीचंही बोलणं जर्मन नव्हतं. सात वाजता त्या निघून गेल्या. माझं टेबल रोज कोण पुसतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यांना कुणी लिफ्ट नाकारत नसलं तरी त्यांची आणि आमची गाठ पडणार नाही अशी वेळ ठरवलेली आहे.

ग्रुपवर पुढे एकाने बाबासाहेबांचा दाखला दिला: त्यांनीही समाजाला स्वच्छ राहायला सांगितलंच होतं. सांगितलं होतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी बायकांना सांगितलं की लुगडं वरच्या जातीच्या बायकांसारखं नेसा, ज्यावरून तुमची जात ओळखली जाते ते दागिने टाका, नीटनेटक्या राहा. पण ते सगळे महाडला जमले कशासाठी होते? तळ्याच्या पाण्यासाठी. आपल्या माणसांबरोबर पाण्यापर्यंत चालत गेलेला माणूस आपल्याच बायाबापड्यांना हे सांगतो. लिफ्टच्या दारावर नोटीस लावणाऱ्याने त्याच्या तोंडचे शब्द घेऊ नयेत.

मराठीत आपल्या वर्गाला शब्दच 'पांढरपेशा' असा आहे. कपडे पांढरे राहतील असं ज्याचं काम, तो मोठा. पांढरं राहायला दुसऱ्या कुणीतरी मळावं लागतं हे त्या शब्दात नाही. आमच्या गल्लीत पांढरं एकदाच दिसायचं, संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाबरोबर चालणाऱ्यांच्या बाराबंदीत. वर्षभर मागावर तेलाने काळे झालेले हात त्या दिवशी पांढऱ्याशुभ्र बाह्यांतून बाहेर यायचे. मला ते फार सुंदर वाटायचं, अजूनही वाटतं.

वहिनीवर मी रागावलो, पण तिचं मला कळतं. तिची आईसुद्धा विड्याच वळायची, नीलम नगरला. त्या घरातून जुळे सोलापुरात यायला तिला वीस वर्षं लागली. लिफ्टमध्ये तो वास आला की तिला वाटत असेल, वीस वर्षं पुसली गेली. दूर जाण्याच्या बाबतीत मी तिला बोलूच शकत नाही. ती पाच किलोमीटर गेली, मी समुद्र ओलांडला. इथे माझ्या दाराला पाटी लागते त्या आठवड्यात मी जिना दोनदा पुसतो. तळमजल्यावरच्या आजी एकदाच पुसतात. त्यांच्याकडून कोपऱ्यात कचरा राहिला तर तो कचरा असतो. माझ्याकडून राहिला तर तो भारतीयाचा कचरा असेल, असं मला वाटतं. आजवर कुणीही असं बोललेलं नाही. कुणी बोलेपर्यंत मी थांबलेलो नाही.

आणि २००९ साली माझ्या लग्नाच्या वेळी मी जे केलं ते या ठरावापेक्षा वेगळं नव्हतं. पुण्याहून मुलीकडचे घर बघायला येणार होते. मी अम्माला म्हटलं, आठ दिवस विड्या बंद ठेव, घराला वास येतो. तिने काही विचारलं नाही. सूप आणि पानांच्या टोपल्या शेजारी नेऊन ठेवल्या. नळाच्या पाळीचं सगळं पाणी भिंती आणि फरशी धुण्यात गेलं, फिनेल ओतलं, वाकळा उन्हात टाकल्या. आठ दिवस म्हणजे आठ हजार विड्यांची मजुरी. पाहुणे चाळीस मिनिटं बसले, चहा-पोहे झाले, लग्न जमलं. ते पैसे मी अम्माला कधी दिले नाहीत. तेव्हा ते पैसे आहेत हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मलाही वाटलं होतं की स्वच्छ व्हायला काय लागतं.

ठरावाबद्दल मी अम्मालाही विचारलं. वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, "येतोय की वास. तंबाखूचाच येतोय. मला बरा वाटतो." त्या बाई आल्या की अम्मा स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसते, गल्लीतल्या कुणाकुणाची चौकशी करते. दोघी तेलुगूत बोलतात. वहिनीला ते आवडत नाही, मुलांच्या कानावर पडतं म्हणून.

शेवटी ग्रुपवर मी दोन ओळी टाकल्या. ठरावाला माझा विरोध आहे, लिफ्ट माणसांसाठी आहे आणि गुडघे सगळ्यांचेच दुखतात. माझ्या आईने तीस वर्षं विड्या वळल्या, अशी तिसरी ओळ लिहिली होती, ती पाठवण्याआधी खोडली. दादा-वहिनींना त्या इमारतीत राहायचं आहे, असं मी माझ्या मनाला सांगितलं. ती ओळ इथे लिहिली.

हा मजकूर काल रात्री अम्माला फोनवर वाचून दाखवला. तिने मध्ये कुठेच अडवलं नाही. मग म्हणाली, "आठ नव्हते रे. बारा दिवस होते."