उतारा न वाचता इंग्रजीची संपूर्ण तयारी

बारावीचा शेवटचा पेपर झाला आणि घरात एकमताने ठरलं की टेन्शन घ्यायचं ते अकाउंट्स आणि इकॉनॉमिक्सचं. इंग्लिशचं काय, ते होऊन जाईल. अभिनंदन. सीयूईटीच्या, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशासाठीच्या सामायिक परीक्षेच्या, इंग्रजीत मार्क घालवायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. दिल्ली विद्यापीठातल्या बऱ्याच अभ्यासक्रमांना भाषेच्या पेपरचे 250 मार्क इतर विषयांच्या 250 मार्कांच्या पंगतीलाच बसतात, असं कुणी सांगू लागलं तर 'बघू नंतर' म्हणून विषय बदला.

पहिलं पथ्य म्हणजे परीक्षा नेमकी कशी असते ते पाहायचं नाही. ताईच्या वेळच्या मॉक टेस्ट कुणाकडे तरी पडून असतातच, त्या मागून घ्या. 2022 ते 2024 या वर्षांत इंग्रजीच्या 50 प्रश्नांपैकी कोणतेही 40 सोडवायचे असत आणि त्याला 45 मिनिटं मिळत. 2025 पासून पर्याय गेला, 50 च्या 50 सोडवायचे आणि वेळ 60 मिनिटं. जुन्या पद्धतीचा सराव भरपूर केला की नावडते दहा प्रश्न बाजूला सारायची सवय हाताला लागते. परीक्षेत ही सवय बसल्या जागी 50 मार्कांचा निकाल लावते.

बरोबर उत्तराला 5, चुकीच्या उत्तराला उणे 1, कोऱ्याला शून्य. या उणे एकाची भीती मनात नीट मुरू द्या, मात्र हिशेब करू नका. केलात तर दिसेल की चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरीने चार प्रश्नांत एकदा 5 मिळतात आणि तीनदा 1 जातो, म्हणजे 2 मार्क पदरात उरतात. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर दर दोन प्रश्नांमागे 5 येतात आणि 1 जातो. म्हणजे दोनांत अडकलेला प्रश्न कोरा सोडणं हा निव्वळ घाट्याचा सौदा. असली गणितं डोक्यात आली की घाबरण्याची मजाच जाते.

व्याकरणासाठी बोर्डाचीच वाट सोडू नका. 'रिमूव्ह टू', 'यूज नो सूनर दॅन', 'मेक इट एक्सक्लेमेटरी' ही रूपांतरं आपल्याकडचा विद्यार्थी झोपेतही करतो. सीयूईटीत वाक्य लिहायला जागाच नसते, चार पर्यायांतून रिकाम्या जागेचा शब्द उचलायचा असतो. ही बाब किरकोळ समजा. काळांचा बारा चौकटींचा तक्ता करा, भिंतीवर लावा, कडेने रंगीत पेनाने वेलबुट्टी काढा. तक्ता तोंडपाठ असलेला माणूसही 'आय हॅव मेट हिम यस्टरडे' या वाक्यावर बिनधास्त बरोबरची खूण करतो, कारण तक्त्यात 'यस्टरडे' नसतो. 'हॅव मेट'शेजारी यस्टरडे, लास्ट वीक, इन 2019 अशी संपलेली वेळ बसत नाही, ही एक ओळ दहा वाक्यांवर घासून पाहिली असती तर काम झालं असतं. पण मग भिंत रिकामी दिसली असती.

इंग्लिश मीडियमच्या मंडळींना तेवढेही कष्ट नकोत. त्यांनी कानावर विसंबावं. त्या कानाने पहिलीपासून 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हेच ऐकलेलं असतं, तेव्हा पर्यायांत नेमकं तेच गोड वाटतं. पेपर काढणाऱ्यांना हा कान चांगला ठाऊक आहे आणि चारांपैकी एक जागा ते त्याच्यासाठी राखून ठेवतात. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज'च्या पुढे 'वॉज' की 'वेअर', असं कानाला विचारा. तो जवळच्या आंब्यांकडे बघून 'वेअर' म्हणेल. कर्ता क्वालिटी आहे हे कळायला 'ऑफ'पासूनचा तुकडा बोटाने झाकून वाचावं लागतं. एवढ्या चांगल्या शाळेत शिकून स्क्रीनवर बोट ठेवायचं, म्हणजे जरा कमीपणाच.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी वेगळी सोय आहे. प्रत्येक प्रत्ययाला एकेक प्रिपोझिशन कायमचं नेमून द्या. 'ला' म्हणजे 'टू': पुण्याला पोचलो, रीच्ड टू पुणे, त्याला विचारलं, आस्क्ड टू हिम. 'वर' म्हणजे 'ऑन': माझ्यावर रागावला, अँग्री ऑन मी. 'पासून' म्हणजे 'सिन्स', मग पुढे पाच वर्षं असोत की सोमवार. क्रियापदासकट अख्खा तुकडा वहीत उतरवण्याची खोड लागली की ही सुंदर व्यवस्था कोलमडते, म्हणून वहीत प्रिपोझिशनांची फक्त यादी ठेवा. आर्टिकलांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्यावाचून मराठीचं आजवर काही अडलेलं नाही.

शब्दसंग्रह वाढवायला तीन हजार शब्दांची पीडीएफ घ्या आणि 'ए'पासून रोज पन्नास या वेगाने सुटा. चौथ्या दिवशी घरात लग्न निघतं, सहाव्या दिवशी ताप येतो, मग नव्या उत्साहाने पुन्हा 'ए'पासून. महिन्याभरात 'अबेट', 'अब्हॉर', 'ॲब्स्टेन' यांवर असं प्रभुत्व येतं की विचारू नका. 'डी'च्या पुढे सगळा अंधार. शब्दासमोर एकच अर्थ लिहा. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, विषय संपला. उताऱ्यात एका देशाने दुसऱ्यावर 'सँक्शन्स' लादले तरी मंजुरीच समजायची. 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट अप विथ' ही भावंडं एकाच दिवशी एकाखाली एक पाठ करा, म्हणजे आग पुढे ढकलायची आणि मीटिंग विझवायची असा कायमचा गुंता होईल. विरुद्धार्थी शब्दाच्या प्रश्नात पहिल्या जागी समानार्थी शब्द दिसला, तर गर्दीत गाववाला भेटल्यासारखा त्याला मिठी मारा. प्रश्नातला 'अँटोनिम' हा शब्द पुन्हा वाचण्याइतका वेळ कुणाकडे असतो?

आता मुख्य काम, उतारा. अभ्यासक्रमात तीन जाती सांगितल्या आहेत: माहितीपर, कथनपर, साहित्यिक. लांबी जास्तीत जास्त 300 ते 350 शब्द. मिनिटाला 150 शब्द अशा सावकाश वेगानेही एक उतारा दोन-अडीच मिनिटांत वाचून होतो. तीन उतारे असले तरी सात-आठ मिनिटं. साठातली ही आठ मिनिटं वाचवणं हे तुमचं जीवितकार्य समजा. त्यासाठी प्रश्नातला जाड शब्द पकडायचा, उताऱ्यात तो हुडकायचा आणि त्या ओळीतले शब्द ज्या पर्यायात जसेच्या तसे दिसतील त्यावर क्लिक करायचं. चुकीचे पर्याय उताऱ्यातल्याच शब्दांनी सजवलेले असतात आणि बरोबर उत्तर बहुधा दुसऱ्याच शब्दांत मांडलेलं असतं, त्यामुळे या युक्तीने मार्क हमखास जातात.

करून पाहा. उताऱ्यात वाक्य आहे: 'द ग्रोअर्स हॅव बिगन टू कट बॅक ऑन शुगरकेन, दो फ्यू हॅव अबँडन्ड इट.' यावरून काय म्हणता येईल, असा प्रश्न. पहिला पर्याय सांगतो की ऊस पाणी फार पितो. गोष्ट खरी आहे, मराठवाड्यात कुणीही सांगेल. उताऱ्यात ती कुठेच नाही, पण आपलं सामान्यज्ञान वाया कशाला घालवायचं? दुसरा पर्याय: सगळ्या शेतकऱ्यांनी ऊस सोडून दिला. यात 'शुगरकेन' आहे, 'अबँडन्ड' आहे, शिवाय 'ऑल'सारखा ठणठणीत शब्द आहे; हा तर डोळे झाकून घ्यावा. तिसरा: शेतकऱ्यांनी ऊस कमी करून डाळिंब लावलं. पूर्वार्ध बरोबर, डाळिंब पेपर काढणाऱ्याच्या पदरचं. पूर्वार्धावर खूश व्हा आणि तिथेच थांबा. चौथा: बहुतेक शेतकरी अजून थोडाफार ऊस घेतात. यात उताऱ्यातला 'कट बॅक' नाही, 'फ्यू' नाही, 'अबँडन्ड' नाही, म्हणजे चुकीचाच असणार. 'फ्यू'च्या आधी 'अ' नाही, म्हणून तिथे 'काही जणांनी सोडला' असा अर्थ नसून 'जवळजवळ कुणीच सोडला नाही' असा आहे आणि त्यामुळे चौथाच बरोबर ठरतो, हे खरं. पण आर्टिकलांवाचून आपलं अडत नाही, हे मघाशीच ठरलंय.

याच्या उलट टोकाचा एक सल्लाही बाजारात आहे: ऑल, नेव्हर, ओन्ली दिसले की पर्याय न वाचता कापायचा. तोही तितकाच उपयुक्त. कधी कधी उतारा स्वतःच 'नेव्हर' म्हणत असतो, आणि अशा वेळी नियम पाळणाऱ्याची विकेट अलगद पडते.

लेखकाचं मत विचारलं असेल तर पहिल्या दोन ओळींत जे मत सापडेल ते उचला. मतप्रदर्शनाच्या उताऱ्यांची सुरुवात पुष्कळदा 'इट इज ऑफन बिलीव्हड दॅट' अशी असते, दोन वाक्यांनी 'हाउएव्हर' येतो आणि उरलेला उतारा ते आधीचं मत खोडण्यात जातो. 'हाउएव्हर'च्या अलीकडे थांबलात की लेखकाच्या तोंडी त्याच्या विरोधकाचं मत घालण्याचा आनंद मिळतो. सूर विचारला असेल तर विषय बघा. दुष्काळावर लिहिलंय म्हणजे 'पेसिमिस्टिक'. दुष्काळावर लिहिताना लेखक सरकारी कागदपत्रांची खिल्ली उडवतोय का, हे कळायला त्याची विशेषणं वाचावी लागतात, आणि तेवढं वाचायचं असतं तर ही सगळी साधना केली कशाला?

उताऱ्याआधी प्रश्न वाचा, असंही सांगतात. जरूर वाचा, आणि पर्यायांसकट वाचा. पाच प्रश्नांचे वीस पर्याय होतात, त्यातली पंधरा विधानं चुकीची. ती आधी डोक्यात भरली की उतारा वाचताना लेखकाने काय म्हटलं आणि पर्यायाने काय म्हटलं यातली सीमारेषा पुसट होते. नुसते प्रश्न बघून पर्याय सोडून दिले तर ही युक्ती बऱ्यापैकी चालते, तेव्हा तसं करू नका.

विस्कटलेले तुकडे योग्य क्रमाने जुळवायच्या प्रश्नात चारही मांडण्या मनातल्या मनात म्हणून बघा आणि जी बरी वाटेल ती घ्या. चौथी म्हणून होईपर्यंत पहिली विसरलेली असते, त्यामुळे निवड निःपक्षपाती होते. 'अ वीव्हर' कुठल्या तुकड्यात आणि 'द वीव्हर' कुठल्या, इंग्रजीतला 'ही' (he) नेमका कोण, 'दिस डिसिजन'च्या आधी तो निर्णय कुठे सांगितलाय, असं शोधत बसलात तर एखादी पक्की जोडी सापडते. ती जोडी चार पर्यायांपैकी एखाद-दोनांतच असते आणि प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो. एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी 72 सेकंद येतात. उरलेल्या सेकंदांचं काय करणार तुम्ही?

मॉक टेस्ट रोज दोन द्या. संपली की स्कोअर बघा, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका, दुसरी उघडा. चुकलेल्या प्रश्नांकडे ढुंकून पाहू नका. पाहिलंत तर चुकांच्या जाती दिसायला लागतील: शब्द माहीत नव्हता, प्रश्नातला 'नॉट' नजरेतून सुटला, उताऱ्यातलं वाक्य उलटं समजलं, की दोनांत घाईने चुकीचा धरला. प्रत्येकीचा इलाज निराळा. शब्द वाक्यासकट लिहावा लागतो, 'नॉट' आणि 'एक्सेप्ट' मोठ्याने म्हणायची सवय लावावी लागते, आणि उलटं समजलेल्या वाक्याचा अर्थ सावकाश मराठीत सांगून बघावा लागतो. यात मॉकपेक्षा जास्त वेळ जातो आणि ग्रुपवर टाकायला हाती काहीच लागत नाही. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्न तर आपल्या हुशारीच्या खात्यात जमा धरा, ते उघडायचा प्रश्नच नाही. मधल्या वेळात साडेसहा तासांचा 'वन शॉट' व्हिडिओ दुप्पट वेगाने लावून ठेवा. सर उदाहरण सोडवतात, आपण मान हलवतो, अभ्यास होतो.

परीक्षेच्या दिवशी स्क्रीनवरच्या सूचना स्क्रोल करून संपवा. उत्तर निवडलं की 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबण्याऐवजी उजवीकडच्या चौकटींतल्या नंबरवर थेट उडी मारा. उत्तर सेव्ह होत नाही आणि तुम्हाला ते कळतही नाही. शंका असलेल्या प्रश्नावर उत्तर न देता जांभळी खूण करून पुढे जा, शेवटी परत यायचंच आहे. शेवटी म्हणजे घड्याळात चाळीस सेकंद उरलेले असताना, अकरा जांभळ्या चौकटी समोर असताना.

मग उत्तरतालिका येते. तिच्यावर आक्षेप घ्यायला दर प्रश्नाला 200 रुपये पडतात आणि ते परत मिळत नाहीत. शब्दार्थाचे वादग्रस्त प्रश्न सोडून द्या आणि नेमका उसाच्या प्रश्नावर आक्षेप घ्या. पुरावा म्हणून उताऱ्यातलं वाक्य जोडू नका. क्लासच्या ग्रुपवर आलेली पीडीएफ जोडा, तिच्यात उत्तर दुसरा पर्याय दिलंय.